आत्या कुरकुरली तर

४ फेब्रुवारी

निवृत्त झालो त्या दिवशी दैनंदिनी लिहिणे थांबवले होते. ज्याच्या दिवसात काही घडत नाही त्याने ते लिहून ठेवणे हा शाईचा अपव्यय होय, असे माझे मत होते. आज पुन्हा लिहावयास बसलो, कारण घरात बोलायला कोणी नाही.

हे विधान तपासले असता सदोष ठरते. घरात धाकटी आहे. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीने दगा दिला तेव्हापासून माझी ही बहीण माझ्याकडे राहते. चालते, जेवते, खिडकीशी बसते. शब्दांचे मात्र पार वांधे झाले आहेत. "हो" म्हणायचे असते तेथे पुष्कळदा "नाही" येते, आणि उरलेल्या सर्व जगाला ती "पाणी" म्हणते. चष्मा पाणी, खिडकी पाणी, मी पाणी.

आज तिच्या प्रयोगशाळेतल्या उपप्रमुख बाई आल्या होत्या. धाकटीच्या हाताखाली त्या शिकल्या. धाकटीचा प्रयोग मला जसा समजला तसा लिहितो. एका जुन्या खाणीच्या तळाशी एक मोठे पात्र आहे. त्यात कुठलासा दुर्मीळ वायू थंड करून द्रवरूपात ठेवतात, आणि आजवर कधीही न आलेल्या एका कणाची वाट पाहतात. या पाहुण्याच्या स्वागतासाठी अनेक देशांतली काही शे माणसे वीस वर्षे ताटकळत आहेत. एवढ्या माणसांनी एकमेकांना सांगायचे कसे, तर विकीवर. विकी म्हणजे सर्वांची सामायिक पाने. कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे, आणि दुरुस्ती पटली नाही तर एक कळ दाबून ती पूर्ववत करावी. कोणी काय बदलले याचा इतिहास तेथेच दिसतो. प्रत्येक पानाला एक पालक असतो. पालक गेला आणि पान कोणी दत्तक घेतले नाही, तर ते 'अडगळ' नावाच्या कप्प्यात जाते. पात्र थंड करण्याची सगळी पाने धाकटीची.

"सर, मॅडमची पानं आम्हाला कळत नाहीत," बाई म्हणाल्या.

"विषय तर तुमचाच आहे."

"विषय आमचा, भाषा त्यांची. हे बघा. 'आत्या कुरकुरली तर घाबरू नये. गप्प झाली तर घाबरावे.' आता ही आत्या कोण? इतकी वर्षं अडलं की फोन करायचो. आता कुणाला करायचा?"

आत्या आमची. आई गेल्यावर तिने आम्हा दोघांना वाढवले. कुरकुर केल्याशिवाय तिने एक भांडे उचलले नाही, आणि कधी न कुरकुरता काम करू लागली तर आम्ही दोघे पलंगाखाली लपायचो. हे ऐकताच बाईंनी कपाळावर हात मारला. "तीन नंबरचा पंप!"

तेव्हा असे ठरले की मला पाहुण्याचे खाते द्यावे आणि मी या पानांचा अर्थ लावून ती नीट भाषेत लिहून काढावी. सध्या दुरुस्तीसाठी प्रयोग बंद आहे. एप्रिलच्या आरंभी तो सुरू होईल, त्याआधी हे व्हावयास हवे.

जाताना बाई दाराशी अडखळल्या. प्रयोगाचा कारभार पाहणाऱ्या परिषदेला कुटुंबाचे एक निवेदन लागते: धाकटी नजीकच्या काळात काम करू शकेल की नाही. नाही, तर पानांचे पालकत्व दुसऱ्याकडे जाईल आणि प्रयोगाच्या सभासदांतून तिचे नाव निघेल. "घाई नाही सर, मार्चअखेरपर्यंत," म्हणाल्या, आणि डोळे पुसायला चष्मा काढला.

९ फेब्रुवारी

पाने वाचली. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने असे लिहिले असते तर त्याला वर्गाबाहेर उभे केले असते. "मला वाटतं", "बहुधा", "देव जाणे, पण चालतं". झडपांना नावे कोणती, तर 'मुकादम', 'दारातलं मांजर'. एका ठिकाणी केवळ "इथे दादासारखं करावं" एवढेच आहे. वर-खाली वाचल्यावर कळले: प्रत्येक गोष्ट दोनदा तपासावी.

आज पहिले पान पूर्ण केले. आत्या काढून 'पंप क्र. ३' असे लिहिले. "कुरकुरली तर घाबरू नये" याऐवजी "चालू असताना होणारा अनियमित ध्वनी हा बिघाडाचे लक्षण मानू नये." सगळी 'बहुधा' काढली. विधान एक तर सत्य असते किंवा असत्य. बहुधा सत्य असे विधान नसते.

धाकटी खिडकीशी टॅबलेट घेऊन बसली होती. तिचाच जुना आहे. वाचा शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्यावर चित्रे घालून दिली आहेत, कपाचे चित्र, बुटाचे चित्र. एकेकाळी हिच्याकडून विमानाने प्रवास करून माणसे शिकून जात. आता बूट ओळखते. मी मुद्दाम तिकडे पाहत नाही.

१० फेब्रुवारी

पान पूर्ववत! सकाळी उघडून पाहिले तर आत्या परत जागेवर आणि बहुधाही परत. इतिहासात बदल करणाऱ्याचे नाव 'ड्यूटी'. उपप्रमुख बाईंनी पूर्वी सांगितले होते, नियंत्रण कक्षात पाळीवर असणारे सगळे हे एकच खाते वापरतात. म्हणजे कोणी तरी पोरसवदा शास्त्रज्ञ, पाळीवर वेळ जात नाही म्हणून माझ्या कामात ढवळाढवळ करतो आहे. मी माझी आवृत्ती पुन्हा चढवली. चहा होईतो ती पुन्हा खाली आली होती.

१३ फेब्रुवारी

प्रत्येक पानामागे चर्चेचे पान असते. तेथे मी चार परिच्छेदांचे टिपण लिहिले: भाषेतील संदिग्धता, तिचे प्रकार, तिचे दुष्परिणाम, आणि समारोप. ड्यूटीचे उत्तर दुपारी आले.

"नाही."

मी लिहिले, "कृपया पूर्ण वाक्यात कारण द्यावे."

उत्तर आले, "आत्या. हवी."

क्रियापद आहे, कर्ता आहे, तरी मध्ये पूर्णविराम. या पिढीला दोन शब्द एका दमात लिहिण्याचेही कष्ट नकोत.

१७ फेब्रुवारी

वाचा शिकवणाऱ्या बाई आज मला रागावल्या. वय माझ्या निम्मे.

"आजोबा, तुम्ही यांच्याकडून पूर्ण वाक्य मागता?"

"भाषेचे एकक वाक्य आहे, बाई."

"असू दे की. यांच्याकडे सध्या सुटे आहेत, नोटा नाहीत. सुट्यात घ्या."

धाकटी हसली. पहिल्यासारखे, खांदे हलवून. मी फार दिवसांनी पाहिले. नंतर बाई म्हणाल्या, "त्यांना समजतं बरं का, तुम्हाला वाटतं त्याहून जास्त." मी विचारले, पुरावा? त्या म्हणाल्या, "मला वाटतं."

वाटणे म्हणजे पुरावा नव्हे. परंतु बाई चांगल्या आहेत.

२० फेब्रुवारी

आज एक खरीखुरी चूक सापडली. एका पानावर धाकटीने लिहिले आहे, "मुकादम हळूच उघडावा, घाई करू नये." दुसऱ्या पानावर, "मुकादम एकदम पूर्ण उघडावा, रेंगाळू नये." मुकादम म्हणजे पात्रात वायू सोडणारी मुख्य झडप. तीच झडप, दोन परस्परविरुद्ध आज्ञा. दोन्ही एकाच वेळी बरोबर असणे शक्य नाही. सावधगिरीची आज्ञा ठेवली, दुसरी काढून टाकली. बिचारीचा आजार कदाचित तेव्हापासूनच सुरू झाला असेल, असाही विचार मनात आला. तो मी पुढे नेला नाही.

ड्यूटीने अर्ध्या तासात पूर्ववत केले. मी पुन्हा काढले. त्याने पुन्हा घातले. शेवटी चर्चेच्या पानावर तर्कशास्त्रातला व्याघाताचा नियम उद्धृत केला आणि विचारले की या नियमाला आपला काही आक्षेप आहे काय.

उत्तर: "थंड. वेगळं."

याला युक्तिवाद म्हणत नाहीत.

संध्याकाळी धाकटी स्वयंपाकघरात आली, माझी बाही धरली आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "थंड." नवा शब्द! मला इतका आनंद झाला की मी तिचा चहा लगेच गरम करून दिला. तिने कप बाजूला सारला. "थंड. थंड." पुन्हा गरम केला. तिसऱ्यांदा तिने टेबलावर कपाळ टेकले. मी शालही आणली.

२६ फेब्रुवारी

दोन दिवस घरातले इंटरनेट बंद होते. आज आले. भीत भीत विकी उघडले, तर या दोन दिवसांत ड्यूटीने एकही बदल केलेला नाही. माझे शेवटचे टिपण त्याला पटले असावे. युक्तिवादाच्या सामर्थ्यावर माझा विश्वास आहे तो उगाच नाही.

धाकटी मात्र दोन्ही दिवस चिडलेली होती. टॅबलेट माझ्यापुढे आपटला, "पाणी! पाणी!" म्हणाली, आणि मी पाणी आणले तर ग्लास परतवला.

(दुपारी) ड्यूटीने सगळी पाने पूर्ववत केली. पटले होते, तर मग असे का?

५ मार्च

निवेदन लिहिले. तीन खर्डे झाले. शेवटी पुढीलप्रमाणे ठरले: "माझी बहीण वस्तू व तिचे नाव यांचा संबंध जोडू शकत नाही. होकार व नकार यांतील भेद तिला करता येत नाही. ज्या कामात नेमकेपणा अनिवार्य आहे ते काम ती नजीकच्या काळात करू शकेल, असे मानण्यास माझ्याकडे कोणताही आधार नाही."

यात असत्य एकही नाही. ज्याच्याविषयी विधान करायचे त्याला ते ऐकवावे, हा माझा जुना दंडक. म्हणून तिच्यासमोर बसून वाचले. ती शेवटपर्यंत माझ्या ओठांकडे पाहत होती.

"तुला काही म्हणायचंय का?" मी विचारले.

तिने तोंड उघडले. पुष्कळ वेळ प्रयत्न केला. "नाही," म्हणाली. मग मान जोराने हलवली आणि पुन्हा, "नाही. नाही." तिचे नाही म्हणजे काय हे मला ठाऊक नसते, म्हणून मी ते कोणत्याच बाजूला धरले नाही. ती उठून आपल्या खोलीत गेली. टॅबलेट खिडकीतच राहिला.

निवेदन अद्याप पाठवलेले नाही. पाकीट मिळाले नाही. खरे तर ते पाकिटातून जायचेच नव्हते.

९ मार्च

ड्यूटीकडून काही नाही. चार दिवस माझी पाने जशीच्या तशी आहेत, स्वच्छ, एकार्थी, प्रत्येक विधान ताठ उभे. मुकादमही हळूच उघडतो आहे. मला हवे होते ते नेमके हेच. तरी सकाळी उठलो की चहाआधी इतिहासाचे पान उघडतो, आणि ते रिकामे दिसले की दिवसभर कशात लक्ष लागत नाही. याची संगती लागत नाही.

धाकटी जेवते, पण विचारल्याशिवाय घेत नाही. कोणावर रागावतही नाही. घर अगदी शांत आहे.

११ मार्च

आज घडले ते क्रमाने लिहितो, कारण क्रम महत्त्वाचा आहे.

उपप्रमुख बाई निवेदन न्यायला आल्या. मी म्हटले, आधी पाने पाहा. त्या वाचत गेल्या, "छान, छान" म्हणत गेल्या, आणि मुकादमापाशी थांबल्या.

"सर, दुसरी सूचना कुठे गेली?"

"विसंगत होती. काढली."

"अहो, पात्र गरम असताना मुकादम हळू उघडायचा. पण पात्र थंड असताना हळू उघडला, तर वायू नळीच्या तोंडाशीच गोठतो आणि बूच बसतं. तेव्हा एकदम उघडावा लागतो. पात्र थंड असलं की गोष्टच वेगळी. एप्रिलमध्ये आम्ही थंडच सुरू करणार आहोत. हे वाचून सुरू केलं असतं तर..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. मीही मागितले नाही.

थंड. वेगळं.

मी म्हणालो की तुमच्या ड्यूटीवरच्या मुलाचे बरोबर होते, त्याला माझ्या वतीने तसे कळवा. त्याने पुष्कळ विरोध केला होता.

"ड्यूटीवरचा कोण मुलगा?"

मी इतिहास दाखवला. बाई पाहतच राहिल्या. "सर, ड्यूटीवर कोणीच नाही. प्रयोग बंद आहे ना. नियंत्रण कक्षाला जानेवारीपासून कुलूप आहे."

प्रयोग बंद आहे हे आधारविधान याच वहीत, पहिल्याच दिवशी, माझ्याच हातचे लिहिलेले आहे.

"ते खातं बाहेरून कुठे उघडं असेल तर..." बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडमच्या टॅबलेटवर. सुट्टीच्या दिवशीही त्या घरून लक्ष ठेवायच्या."

आम्ही दोघांनी खिडकीकडे पाहिले. टॅबलेट तेथेच होता, सहा दिवसांची धूळ त्यावर. चार्जिंग संपले होते. मी चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. धूर दिसला की अग्नी आहे हे तिसऱ्या तासाला शिकवायचो. येथे महिनाभर धूर डोळ्यांत जात होता आणि मी खिडक्या पुसत होतो.

बाई शहाण्या. "मी परत येते," म्हणाल्या आणि गेल्या.

टॅबलेट चार्जिंगला लावला. तो जागा होईतो त्याच्यापाशी उभा राहिलो. मग काढून टाकलेली सूचना माझ्या खात्यातून माझ्या हाताने परत घातली, आणि धाकटीच्या खोलीत जाऊन तो तिच्या मांडीवर ठेवला. ती भिंतीकडे तोंड करून पलंगावर बसली होती. माझ्याजवळ चार परिच्छेद तयार होते. त्यांतला एकही बाहेर आला नाही.

"चहा नव्हता," मी म्हणालो. "मुकादम."

तिने वळून पाहिले. माझे वाक्य सुटे होते, पण तिने ते घेतले. मग पानाकडे पाहिले, डाव्या हाताचे बोट सावकाश फिरवत खाली गेली, आणि जेथे मी ओघात 'पंप क्र. ३' लिहिले होते तेथे थांबली. कळ दाबली. आत्या परत आली.

"दादाला काही कळत नाही, असंच ना?"

"नाही," ती म्हणाली, आणि मान होकारार्थी हलवली. मग माझ्या हातावर हात ठेवून, अगदी स्वच्छ, "पाणी."

"हो," मी म्हणालो. विधान तपासले नाही.

१२ मार्च

निवेदन फाडले. कागदाचे तुकडे टोपलीत टाकल्यावर लक्षात आले, संगणकातली प्रत राहिली आहे. तीही काढली.

२८ मार्च

परिषद पडद्यावर भरली. बरेच चेहरे, काहींच्या मागे दिवस, काहींच्या मागे दिवे. धाकटी माझ्या शेजारी, केस विंचरून. अध्यक्ष वयस्क व सौम्य गृहस्थ होते. त्यांनी माझे मत विचारले.

मी म्हणालो, "बोलता येत नाही त्याला कळत नाही, असे मी गृहीत धरले होते. ते चूक होते. तुमच्या विकीच्या इतिहासात माझे आणि हिचे भांडण ओळीने लिहिलेले आहे. कृपया ते वाचावे. प्रत्येक ठिकाणी जी बाजू शब्दांत कमी पडली आहे, ती बरोबर आहे."

कोणीतरी विचारले, अडचणीच्या वेळी त्यांना प्रश्न विचारायचा झाल्यास कसे? खाणीत ती उतरू शकणार नाही, हे मी मान्य केले. तेवढ्यात उपप्रमुख बाई म्हणाल्या, "आम्ही सुट्यात घ्यायला शिकू." हा वाक्प्रचार त्यांच्यापर्यंत कसा गेला ते मला माहीत नाही. पसरतात अशा गोष्टी.

निर्णय: तिचा हुद्दा दुसऱ्याकडे जाईल. ते योग्यच आहे, पण घरी येताना, म्हणजे खुर्चीतून उठताना, तिचा हात जड लागला. सभासदत्व राहील. पानांची पालक तीच. मी सहपालक. आजारपणात बंद झालेले तिचे स्वतःचे खाते पुन्हा उघडून दिले. माझ्या वयात बढती मिळालेली माणसे थोडी.

२ एप्रिल

आज प्रयोग सुरू झाला. फोन सकाळपासून टेबलावर उघडा होता. मुकादम एकदम उघडला आणि बूच बसले नाही, असे कळल्यावर धाकटीने चहा मागितला, म्हणजे कपाकडे बोट दाखवून "पाणी" म्हटले. दुपारी फोनवर उपप्रमुख बाईंचा आवाज चढला.

"सर, तीन नंबर फार आवाज करतोय! इतका कधी केला नव्हता. बंद करू का? बंद केला तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. मॅडमना विचारा ना!"

त्यांनी फोन पंपाजवळ धरला. घर त्या आवाजाने भरले. धाकटी डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून ऐकत होती. लहानपणी आत्या ओट्याशी असली की धाकटी अशीच उंबऱ्यात उभी राहायची.

"बंद करायचा का?" मी विचारले.

"हो," ती म्हणाली.

"हो म्हणजे हो, की हो म्हणजे नाही?" फोनमधून बाई ओरडल्या.

धाकटीने माझ्याकडे असे पाहिले की मला माझे सारे आयुष्य अपूर्ण वाक्यासारखे वाटले. मग तिने टॅबलेट ओढला, आत्याचे पान काढले, आणि बोट एका ओळीवर ठेवले. माझ्या 'अनियमित ध्वनी'वर नव्हे, त्याच्या वर असलेल्या तिच्या ओळीवर. मी ती फोनमध्ये मोठ्याने वाचली. "आत्या कुरकुरली तर घाबरू नये."

पलीकडे कोणीतरी हसले, मग पुष्कळ जण. पंप बंद केला नाही. तासाभराने, बाई म्हणाल्या, तो नेहमीसारखा कुरकुरत कामाला लागला.

५ एप्रिल

आम्ही आता रोज काम करतो, मी या टेबलावर, ती खिडकीशी. मी लिहितो, ती पुसते. आज मी 'बहुधा' हा शब्द स्वतःहून एका वाक्यात घातला, आणि तिने तोही काढला. तेथे खात्री होती म्हणे. म्हणे म्हणजे, भुवया उंचावल्या.

आत्ता मुद्दाम एक चूक करून ठेवली. खिडकीशी खुर्ची करकरली, काचेवर बोट आपटले, आणि एक लांबलचक, वैतागलेले "पाणी" ऐकू आले. कुरकुर चालू आहे. घाबरण्याचे कारण नाही.